लवंग एकटी पडली तेव्हा

"दादा, राग मानू नकोस, पण तुझ्या सेंटला दातांच्या दवाखान्याचा वास येतो."

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. धाकट्या बहिणीचा नाशिकहून फोन. या वर्षी ओवाळणीच्या ताटात पाकिटासोबत मी स्वतः जुळवलेल्या परफ्यूमची 30 मिलीची बाटली ठेवली होती. तिला संत्रं फार आवडतं. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळण्यावरून आम्ही दोघांनीही आईचा मार खाल्ला आहे. म्हणून संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं फळ), वेलची, लवंग आणि तळाला ऊद-व्हॅनिला असं थंडीत ऊबदार वाटेल असं मिश्रण तिच्यासाठी केलं होतं. बाटली उघडली तेव्हा बाई खूश. मग सोमवारी बँकेत जाताना तिने ते मनगटांवर मारलं. गाडी काढेपर्यंत संत्रं घमघमत होतं. काउंटरवर बसून जरा वेळ होतो न होतो तोच शेजारच्या मॅडमनी विचारलं, "दाढ भरून आलीस का गं?" मंगळवारी घरीच लावून पाहिलं, तर सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "लवंगेचं तेल काढलंयस का? कुठली दाढ ठणकतेय?"

दोन माणसं, दोन दिवस, निदान एकच. हा योगायोग म्हणून सोडून देता येईना.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. वासांचा नाद आठ-नऊ वर्षांचा. विकत काही नाही, नातेवाइकांना वाटतो, आणि नातेवाईक आता थोडे सावध झाले आहेत. या मिश्रणाबद्दल माझ्या वहीत ऑगस्टातली नोंद अशी: "संत्रं दीड तास सहज टिकतं. लवंग मागे राहते, पुढे घुसत नाही. झकास." हे 'झकास' मी परफ्यूम मारलेल्या कागदाच्या पट्टीचा वास घेऊन लिहिलं होतं. या प्रकरणाचं अर्धं उत्तर त्या पट्टीत होतं, पण ते कळायला नाशिकला जावं लागलं.

आधी बाटलीत काय होतं ते सांगतो. 100 भाग अर्कात 22 भाग गोड संत्र्याचं तेल, 18 बर्गमॉट, 4 वेलची, गुलाबी मिरी आणि जायफळ दोन-दोन, लवंग 5, दालचिनीच्या सालीचं तेल जेमतेम 0.3. दालचिनी इतकी कमी, कारण तिच्यातल्या सिनॅमाल्डिहाइडने कित्येकांच्या कातडीवर पुरळ येतं आणि इफ्रा ही सुगंध उद्योगाची संस्था त्यावर कडक मर्यादा घालते. मधल्या भागात दोन कृत्रिम रसायनं: फुलासारख्या हलक्या वासाचं हेडिओन 12, लाकडी वासाचं आयसो ई सुपर 14. तळाला ऊदाचा रेझिनॉइड (डिंकातून काढलेला दाट अर्क) 10, लॅब्डनम (एका झुडपाचा डिंक) आणि पाचोली दोन-दोन, व्हॅनिलिन 2.5, उरलेलं मस्क. हा अर्क 15 टक्के, बाकी अल्कोहोल. सहा आठवडे अंधारात मुरवलं. लोणच्यासारखंच असतं ते, पहिल्या आठवड्यात चाखून मत बनवू नये.

यात दोन नावांची गफलत नेहमी होते. 'गोड संत्रं' म्हणून जे तेल मिळतं ते नागपुरी संत्र्याचं नसतं. ते सिट्रस सायनेन्सिसचं, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं. ब्राझीलमध्ये रसाच्या कारखान्यांत सालींपासून ते ढिगाने निघतं, म्हणून स्वस्त. नागपुरी संत्रं हे मँडरिन, त्याच्या सालीचा वास जास्त गोड आणि किंचित फुलासारखा. दुसरी गफलत ऊदाची. परफ्यूमच्या दुकानात 'ऊद' म्हटलं की अरबी ऊद, म्हणजे अगरूचं लाकूड पुढे येतं. मराठी घरातला ऊद वेगळा. बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीत टाकतात तो, ज्याच्यावरून उदबत्ती हे नाव आलं तो. हा बेंझॉइन, स्टायरॅक्स झाडाचा डिंक. सुमात्राकडच्या या डिंकाला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणत, त्याचंच युरोपात घासून घासून बेंझॉइन झालं. माझ्या बाटलीत होता तो हाच, घरचा.

पाच भाग लवंग जास्त वाटते का? मला वाटली नव्हती. आमच्या वडिलांचा ओल्ड स्पाइस, जो पुरुषांसाठी 1938 पासून बाजारात आहे, तोही लवंग-दालचिनी-संत्र्याच्याच घरातला. लवंगेशी माझं कधी वाकडं नव्हतं.

संशयित चार होते. पहिला, तेल शिळं झालं असणार. संत्र्याच्या तेलात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास लिमोनीन असतं आणि ते हवेशी संयोग पावतं. मग टर्पेंटाइनसारखी घाण मारते आणि कातडीलाही ते सोसत नाही. पण त्याच घाणीतली माझी बाटली (घाणी म्हणजे घाण्यातली, वासाबद्दल बोलत नाही) फ्रिजमधून काढली तर वास स्वच्छ होता. शिवाय तक्रार टर्पेंटाइनची नव्हती, लवंगेची होती.

दुसरा संशयित म्हणजे सगळ्यांचा लाडका: "प्रत्येकाच्या स्किनचा पीएच वेगळा असतो ना." असतो. साधारण साडेचार ते साडेपाच. पण लिमोनीन हा नुसता हायड्रोकार्बन, त्याला त्या सौम्य आम्लाचं काही सोयरसुतक नाही. पीएचमुळे अर्ध्या तासात संत्र्याची लवंग होत नाही. कातडी माणसागणिक वेगळी वागते हे खरं, पण त्याला कारण बहुतेक वेळा तेलकटपणा, ओल आणि ऊब असतं.

तिसरा संशयित बहिणीची लावायची पद्धत, चौथा मी. शनिवारी सकाळची गाडी धरली.

नाशिकला नोव्हेंबरची कोरडी थंडी पडली होती. बहिणीच्या हातांची कातडी खसखशीत झाली होती. दिवसभर नोटा मोजणं आणि दर तासाला सॅनिटायझर, दुसरं काय होणार. हॉलमधल्या टीपॉयवर वही, घड्याळ, कागदाच्या पट्ट्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला इन्फ्रारेड थर्मामीटर असा पसारा मांडला. माणसं तीन: बहीण, तिच्या सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी काकू म्हणतो. त्या लाडू वळून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. हात धुऊन, सवयीने बदामाचं तेल चोळून त्या येऊन बसल्या. हे तेल पुढे फार कामाला आलं, पण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

बहिणीला म्हटलं, "रोज लावतेस तसंच लाव." तिने दोन्ही मनगटांवर एकेक स्प्रे मारला आणि मनगटं एकमेकांवर खसाखसा घासली, चंदन उगाळावं तशी. माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मी दोन स्प्रे मारले आणि हात तसाच ठेवला. काकूंनी मनगट पुढे केलंच नाही. हळदीकुंकवाला अत्तर लावून घेतात तसा तळहात खाली करून हाताची मागची बाजू पुढे धरली. तिथेच मारलं. दोन पट्ट्या टीपॉयवर. वेळ 10 वाजून 10 मिनिटं.

पहिलं अर्धं मिनिट नाक लांब ठेवायचं. तेव्हा उडतं ते अल्कोहोल, तुम्हाला कळतो तो गारवा आणि नाकात झिणझिणी. त्यानंतरची पाच मिनिटं या परफ्यूमची सगळ्यात देखणी. नखाने साल खरवडल्यावर हवेत जो बारीक फवारा उडतो, अगदी तसं संत्रं. त्याच्या कडेने बर्गमॉटचा हिरवट कडूपणा. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर हा वास ओळखीचा. मध्येच वेलची, तीही सालीसकट ठेचलेली, खिरीतली नव्हे. लवंग होती, पण विड्याला टोचलेल्या लवंगेसारखी, पान सावरून धरण्यापुरती. काकू म्हणाल्या, "हे तर छान आहे. मग दवाखाना कुठाय?"

10:20. बहिणीच्या हातावरचं संत्रं पातळ झालं होतं. रस पिऊन झाल्यावर ग्लासाच्या तळाला राहतो तसा वास. माझ्या हातावर अजून भरपूर होतं. घासल्याने 'रेणू फुटतात' असं सांगणारे बरेच भेटतात. रेणू इतके तकलादू असते तर रसायनशास्त्र शिकवणं सोपं झालं असतं. घासण्याने होतं ते साधं: थर पसरून पातळ होतो, घर्षणाने कातडी तापते, आणि जे लवकर उडायचं ते आणखी लवकर उडतं. थर्मामीटरवर घासलेलं मनगट लगेच दीड अंश वर गेलेलं दिसलं होतं.

10:35. बहिणीच्या हातावर संत्रं संपलं. फिकट चहासारखं काहीतरी उरलं होतं आणि त्याच्या आडून लवंग हळूहळू डोकं काढत होती.

10:45. मी तिच्या मनगटाशी नाक नेलं आणि मला हसूच आलं. खुर्ची मागे झुकते, वर गोल दिवा, कापसाचा बोळा, "आऽ करा". हुबेहूब. दंतवैद्य झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवून तात्पुरती दाढ भरतात, आणि लवंगेच्या तेलात 80 ते 90 टक्के हेच युजेनॉल असतं. मेंदूला ही जोडी इतकी पाठ असते की सोबतीला दुसरं काही नसेल तर तो सरळ दवाखान्यात जातो. सोबतीला संत्रं असेल तर त्याच युजेनॉलचा मसालेदार विडा होतो. वास तोच, शेजार बदलला.

माझ्या हातावर ही अवस्था 10:55 ला आली आणि मऊ होती. बहिणीच्या हातावर ती पाऊण तास राहिली. साडेअकराच्या सुमारास व्हॅनिला वर यायला लागला, बारापर्यंत ऊद आणि लॅब्डनमने लवंगेला पोटात घेतलं. त्यानंतर जे होतं ते मला मनापासून आवडतं. शेगडीतला ऊद विझल्यावर बाळाच्या दुपट्याला जो वास राहतो तो, थोडा गोड, थोडा धुरकट. पण तोवर शेजारच्या मॅडमनी दाढेची चौकशी केलेली असणार.

आणि काकूंचा हात? 11 वाजून 5 मिनिटांनीही त्यांच्या हातावर संत्रं होतं. बारीक, पण होतं. काकूंचं वय पासष्ट, कातडी बहिणीपेक्षाही कोरडी असायला हवी. मी दोनदा वास घेतला, तिसऱ्यांदा घ्यायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तेलाचा हात आहे तो, पुसू का?"

नका पुसू. राऊल्टचा नियम मी दरवर्षी बारावीला शिकवतो. द्रवात दुसरा न उडणारा पदार्थ मिसळला की त्या द्रवाचा बाष्पदाब उतरतो. बदामाच्या तेलात लिमोनीन मजेत विरघळतं आणि मग सावकाश बाहेर पडतं. आपल्या अत्तरांचं तेच तर आहे. चंदनाच्या तेलात बांधलेलं अत्तर फायावर लावून कानामागे ठेवलं की दिवसभर धीम्या गतीने येत राहतं. फळ्यावर पन्नास वेळा लिहिलेला नियम मला काकूंच्या हातावर दिसावा, हे जरा लाजिरवाणंच.

टीपॉयवरची पट्टी मात्र साडेअकरालाही सांगत होती: संत्रं आहे, लवंग मागे आहे, झकास.

पट्टी खोटं बोलत नव्हती, ती फक्त कागद होती. मनगटाची ऊब 32-33 अंश, टीपॉयवरचा कागद त्या सकाळी 21 अंशांवर. या जातीच्या रेणूंचा बाष्पदाब दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. शिवाय जाड शोषकागदाचे तंतू तेल धरून ठेवतात. म्हणजे पट्टीवरची गोष्ट कातडीवर निम्म्याहून कमी वेळात संपते, आणि ज्या टप्प्याला मी 'लवंग मागे आहे' म्हणत होतो त्याच्या पुढचा टप्पा मी कधी पाहिलाच नव्हता. दीड तासाने पट्टी टाकून देऊन मी जेवायला जात होतो.

आता मूळ दुखणं. परफ्यूमबद्दल वाचलेल्या प्रत्येकाला तो पिरॅमिड माहीत असतो: वर टॉप, मध्ये हार्ट, खाली बेस. इंग्लंडच्या विल्यम पाऊचरने 1955 मध्ये शेकडो पदार्थांना टिकण्याच्या काळावरून 1 ते 100 असे आकडे दिले, तेव्हापासून ही विभागणी आकड्यांतही मांडता येते. मात्र पिरॅमिडच्या चित्रामुळे वाटतं की तीन मजले आहेत आणि आपण जिन्याने उतरतो. प्रत्यक्षात सगळे पदार्थ पहिल्या मिनिटापासून एकदमच उडत असतात, वेग तेवढे वेगळे. कोण आधी थकतो एवढाच प्रश्न.

वेगातला फरक किती, ते उत्कलनबिंदूंवरून कळतं. लिमोनीन 176 अंश सेल्सिअस. युजेनॉल 254. व्हॅनिलिन 285. आकडे जवळजवळचे दिसतात, पण खोलीच्या तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब युजेनॉलच्या जवळपास शंभर पट असतो, आणि युजेनॉलचा व्हॅनिलिनच्या शंभराहून जास्त पट. माझ्या बाटलीत तीन धावपटू होते आणि त्यांच्यात असं अंतर. पहिला दिसेनासा झाला, तिसरा अजून बूट बांधतोय, मैदानावर एकटी लवंग.

दोन स्प्रे म्हणजे साधारण 0.2 मिली. त्यात संत्र्याचं तेल पाच-सहा मिलिग्रॅम, एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. एवढ्याशा मालाने पंचवीस मिनिटं किल्ला लढवला याचंच खरं तर कौतुक करायला हवं.

मधली फळी होती का? होती, आणि ती बर्गमॉटमध्येच होती. इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकणाऱ्या या आंबट फळाच्या तेलात लिमोनीन संत्र्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात लिनालिल अ‍ॅसिटेट (220 अंश) आणि लिनालूल (198 अंश) भरपूर. बहिणीच्या हातावर 10:35 ला जो चहासारखा वास उरला होता, तो हाच. फळी होती, पण अरुंद. पाच भाग लवंगेचं वजन तिला पेलवलं नाही.

पुण्यात परतल्यावर पहिली दुरुस्ती मी मूर्खासारखी केली. संत्रं कमी पडतंय ना, मग दुप्पट घाला. 22 चे 44 भाग. पहिली पाच मिनिटं मोसंबीचा गाडा अंगावर आल्यासारखी, आणि पुढे तीच रड, सहा-सात मिनिटं उशिराने. हेही बारावीचंच गणित. दर सहा मिनिटांना निम्मं उडत असेल तर दुप्पट घालून सहा मिनिटंच विकत घेता येतात. वर मोठा आवाज अचानक बंद झाल्यावर शांतता जास्त जाणवते, तशी लवंग आधीपेक्षा जास्त टोचायला लागली.

दुसरी दुरुस्ती दोन आठवडे चालली. लवंग पाचावरून दीडवर आणली. ऊब कमी होईल अशी भीती होती. वासातली ऊब हा मजेशीर प्रकार आहे. युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड हे जिभेवर किंवा कातडीवर जास्त प्रमाणात पडले तर उष्णता-झोंबणं टिपणाऱ्या चेतातंतूंना खरोखर चाळवतात. पण परफ्यूममध्ये इतके थोडे असतात की ऊब बहुतेक आठवणीतूनच येते, मसाल्याच्या डब्यातून आणि दिवाळीच्या स्वयंपाकघरातून. मिरीचंच बघा. मिरीचा तिखटपणा पायपरिनचा, आणि पायपरिन वाफेबरोबर तेलात उतरत नाही. मिरीचं तेल अजिबात तिखट नसतं, तरी लोक वास घेऊन "उष्ण आहे" म्हणतात. तेव्हा लवंगेची ऊब वेलची-जायफळ थोडं वाढवून आणि व्हॅनिलिनला अर्धा भाग चढवून भरून काढता आली.

फळी रुंद करण्यासाठी संत्रं 22 चं 14 वर आणलं आणि 7 भाग पेटिग्रेन घातलं. हे कडू संत्र्याच्या पानांचं आणि कोवळ्या फांद्यांचं तेल, यात निम्मं तर लिनालिल अ‍ॅसिटेटच. वास हिरवा, जरा लाकडी, पण मेंदू त्याला 'संत्र्याचं झाड' म्हणून मान्य करतो.

तरी लवंगेच्या खास त्या पाऊण तासात सोबतीला कुणीतरी संत्र्याच्याच घरातलं हवं होतं. लिमोनीनला तिथवर ओढत नेणं शक्य नाही. मग उलट्या बाजूने विचार केला: 254 अंशांच्या आसपास उकळणारं, संत्र्याशी नातं सांगणारं काय आहे? मिथाइल अँथ्रानिलेट. 256 अंश. युजेनॉलच्या अगदी खांद्याला खांदा लावून उडतं. संत्र्याच्या फुलात असतं, मोगऱ्यातही असतं. रात्रभर उशाशी राहिलेल्या गजऱ्याला सकाळी जो जड, गोडसर वास येतो त्यात याचा वाटा आहे. बाटलीतून थेट हुंगलं तर मात्र जांभळ्या द्राक्षाच्या गोळीचा वास. अमेरिकेतल्या काँकॉर्ड द्राक्षांचा तो नैसर्गिक वास आहे. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना तो नसतो, त्यामुळे आपल्याकडे 'ग्रेप फ्लेवर' चाखून सगळ्यांनाच प्रश्न पडतो की हे कुठलं द्राक्ष. पाखरांना हा वास सहन होत नाही म्हणून फळबागांवर याची फवारणीही करतात. असला हा बहुगुणी पदार्थ. मी 100 भागांत फक्त 0.7 घातला. एक भाग घातला की गोळी चघळल्यासारखं व्हायचं.

एक किंमत मोजावी लागली. मिथाइल अँथ्रानिलेटला अमाइन गट आहे आणि मिश्रणात व्हॅनिलिन, सिनॅमाल्डिहाइड असे अल्डिहाइड आहेत. हे एकमेकांना धरून शिफ बेस नावाची रंगीत संयुगं तयार करतात आणि रंग गडद होत जातो. तीन आठवड्यांत फिकट पिवळं परफ्यूम कोऱ्या चहाच्या रंगावर आलं. पांढऱ्या ओढणीवर मारू नकोस असं बाटलीवरच लिहून टाकलं.

बर्गमॉट आधीपासूनच बर्गॅप्टेन काढून टाकलेलं वापरत होतो, तेच ठेवलं. साध्या, यंत्राने पिळलेल्या बर्गमॉट तेलातलं बर्गॅप्टेन कातडीवर असताना ऊन लागलं तर काळे-तपकिरी डाग पडतात. बहीण भर दुपारी स्कूटरवर उघड्या हातांनी फिरते. तिथे हौसेला जागा नाही.

या वेळी पट्टीला हात लावला नाही असं नाही, पण निकाल तिच्यावर दिला नाही. माझ्या दोन्ही हातांवर, बायकोच्या हातावर (तिने पाचव्या दिवशी असहकार पुकारला), एकदा कोरड्या कातडीवर, एकदा व्हॅसलीनचं बोट फिरवून. व्हॅसलीनवर पहिला टप्पा अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास चालला. नाक थकतं म्हणून मध्ये मध्ये गच्चीत जाऊन आलो. कॉफीच्या बिया हुंगण्याचं नाटक मी करत नाही, स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली तरी पुरतं.

जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, नवी बाटली नाशिकला पोहोचली. मी गेलो नव्हतो. बहिणीला एवढंच बजावलं होतं: आधी हाताला तेलाचं बोट लाव, घासू नकोस, वेळ लिहून ठेव. संध्याकाळी तिचे निरोप येत गेले.

"5:40 लावलं. संत्रं."

"6:05. संत्रं आहे. पानासारखं काहीतरी पण आहे."

"6:30. हे काय आहे? मोगरा घातलायस का? काकू सगळ्यांच्या हाताला लावतायत."

"7:00. लवंग आली. पण गोड आहे. कुणी दाढेचं विचारलं नाही."

साडेसातनंतर निरोप थांबले, वाणं लुटण्यात विसरली असावी. रात्री दहाला एक शेवटचा आला. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी घरी जाताना काकूंना विचारलं होतं, बाळ आलंय का घरात, शेगडी केल्याचा वास येतोय. आणि खाली तिने जोडलं होतं: "मेहुण्यांना तुमच्या अजून कसलाच वास येत नाहीये, ते म्हणतात दादाने पाणी भरून पाठवलंय."

आयसो ई सुपरचा वास अनेकांना येतच नाही हे ठाऊक होतं, पण संत्रंसुद्धा नाही म्हणजे त्यांना सर्दी असावी. पुढच्या खेपेला त्यांच्या हातावर पाहायचं आहे.